आठ दिवस घोड्याच्या पाठीवर : निर्जन मुलखातल्या सफरीची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक गृहस्थ गेले वर्षभर आठवड्यातून एकदा घोडेस्वारीच्या वर्गाला जातात. बंद रिंगणात त्यांना कदम (साधी चालण्याची गती) आणि दुडकी (हलकी धाव) चाल नीट जमते, दौडीत मात्र मांड अजून थोडी डळमळते. त्यांना आठ दिवसांची, तंबूत मुक्काम करत, रस्ते आणि वस्ती नसलेल्या मुलखातून जाणारी घोड्यावरची सुट्टी घ्यायची आहे. आपली तेवढी तयारी आहे का, सफर कशी पारखून घ्यावी आणि निघण्याआधी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. अशा सफरींवर वाटाडी म्हणून मी बरीच वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

सर्वप्रथम पल्ल्याचा हिशेब पाहू. घोडा कदम चालीने तासाला सहा-सात किलोमीटर जातो. चढ, दगड, चिखल किंवा ओढा आला की त्याहूनही कमी. सामान लादलेली जनावरे बरोबर असली, तर सगळ्यांना त्यांच्याच चालीने जावे लागते. त्यामुळे दिवसाचा पल्ला साधारण २० ते ३० किलोमीटरचा पडतो आणि खोगिरावर पाच ते सात तास बसावे लागते. जाहिरातीतल्या छायाचित्रांत घोडे नेहमी चौखूर उधळलेले दिसतात. प्रत्यक्षात तशी दौड दिवसातून एखाद्या वेळी, जमीन घट्ट आहे आणि तिच्यात प्राण्यांची बिळे नाहीत अशी वाटाड्याची खात्री झाल्यावरच होते. बाकीचा सगळा वेळ कदम चालीत जातो. म्हणजे तुमची दौड कच्ची आहे ही गोष्ट तुम्हाला वाटते तेवढी आड येणारी नाही. सहाव्या तासालाही तुम्ही दोन्ही रिकिबींवर सारखा भार ठेवून ताठ बसू शकता का, हे मी आधी पाहीन.

यामागचे कारण स्वाराच्या सोयीपेक्षा घोड्याच्या पाठीशी जास्त निगडित आहे. दमलेला स्वार नकळत एका कुशीवर कलतो, आणि हललेला भार हा जड भारापेक्षा वाईट असतो. एका सफरीत उड्यांच्या स्पर्धांत मुरलेले एक स्वार आमच्याबरोबर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला. कोणाला न सांगता त्यांनी सारा भार डाव्या रिकिबीवर टाकला आणि पुढचे दोन दिवस तसेच काढले. चौथ्या दिवशी संध्याकाळी खोगीर उतरवले, तेव्हा घोडीच्या खांद्याच्या उंचवट्याला, उजव्या अंगाला, तळहाताएवढी गरम सूज होती. खोगीर सतत डावीकडे ओढले जात होते आणि त्याचा लाकडी सांगाडा उलट्या बाजूने तिच्या हाडावर दाबत होता. त्या दिवसापासून घोडी मोकळी चालली आणि स्वार पायी चालले, कारण आमचा राखीव घोडा आदल्याच दिवशी नाल निखळल्यामुळे लंगडत होता. त्या गृहस्थांनी दुपारीच सांगितले असते, तर तासाभराची पायपीट आणि रिकिबीची वादी दोन भोके लांब करणे एवढ्यावर निभावले असते.

आता सफर निवडण्याविषयी. जागा निवडताना आपण निसर्ग पाहतो. त्याऐवजी तिथे स्वाराकडून कशाची अपेक्षा असते ते आधी पाहावे. बोत्स्वानातल्या ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशात घोड्यावरून हत्ती आणि जिराफ जवळून पाहता येतात, पण तिथे सिंहही आहेत. प्रसंग आला तर कळपाबरोबर भरधाव निघता यावे, अशी अट तिथले बहुतेक आयोजक घालतात आणि ती योग्यच आहे. यंदा ती सफर तुमच्यासाठी नाही. आइसलँडमध्ये घोड्यांची ‘टोल्ट’ नावाची चार ठेक्यांची चाल असते. तिच्यात एक तरी पाय कायम जमिनीला टेकलेला असल्याने स्वाराला हिसके जवळजवळ बसत नाहीत. मात्र तिथल्या लांब सफरींत मोकळ्या घोड्यांचा कळप बरोबर पळवत नेतात, वाटेत घोडे बदलतात आणि वेग चांगलाच असतो. शिवाय तिथल्या घोड्यांना बाहेरचे रोग होऊ नयेत म्हणून वापरलेले खोगीर, लगाम आणि इतर कातडी सामान देशात आणू देत नाहीत. तिथून बाहेर गेलेल्या घोड्यालाही परत प्रवेश नसतो. आपले आवडते खोगीर घेऊन निघालेल्यांची विमानतळावर निराशा होते ती यामुळेच.

मंगोलियातले घोडे बुटके, काटक आणि अर्धे रानटी म्हणावेत असे असतात. तिथल्या लाकडी खोगिरावर सवय नसलेल्या माणसाचे हाल होतात, म्हणून पाहुण्यांसाठी गादीचे खोगीर आहे का ते विचारून घ्यावे. किर्गिझस्तानातले सोंग-कोल सरोवर ३,००० मीटरहून उंचावर आहे. तिथे घोडा सहज चढतो, पण उंचीचा त्रास स्वाराला व्हायचा तो होतोच. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियात खोगिरावर मेंढीचे जाड कातडे घालतात, ते लांब पल्ल्याला फार सुखाचे असते, मात्र उन्हाळ्यातला वारा टोपीच काय, माणसालाही हलवतो. मोसमाच्या बाबतीत स्वतःच्या अंदाजावर विसंबू नये. ओकावांगोचेच पाहा : अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस तिथे काही महिन्यांनी पोहोचतो, त्यामुळे पाणी सर्वांत जास्त असते ते जून ते ऑगस्ट या कोरड्या महिन्यांत.

तुमच्या पायरीच्या माणसाला मी अशी सफर सुचवते, जिच्यात वाटाडे त्याच मुलखात वाढलेले आहेत, बहुतेक वाट कदम चालीची आहे आणि निदान दोन ठिकाणी एकाहून जास्त रात्री मुक्काम आहे. अशा मुक्कामाच्या दिवशी पायी फिरता येते, घोड्यांच्या पाठींना आराम मिळतो, आणि काही बिघडले तर माघारी फिरण्याची वाट असते.

आयोजकाला काय विचारावे, यापेक्षा तो तुम्हाला काय विचारतो याकडे माझे जास्त लक्ष असते. तुमचे वजन, उंची, शेवटची स्वारी कधी केली, मोकळ्या मैदानात घोडा आवरता येतो का, हे न विचारता जो पैसे भरून घेतो त्याच्याकडे जाऊ नये. वजनाचा प्रश्न अपमानाचा मानू नका. स्वार, खोगीर आणि पिशव्या मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नसावा, हा फार जुना आणि अनुभवाने घासून निघालेला ठोकताळा आहे. घोडा ४०० किलोचा असेल तर एकूण भार ८० किलो झाला. त्यातले दहा-पंधरा किलो खोगीर आणि थैल्या खातात. डोंगराळ वाटेवर मी त्याहून कमीच धरते. तुम्ही जड असाल तर मोठ्या चणीचे घोडे असलेली सफर निवडावी. वजन कमी करून सांगणाऱ्याची किंमत घोडा चुकवतो. राखीव घोडे किती, शेवटच्या मोटार-रस्त्यापासून सर्वांत लांबचा मुक्काम किती तासांवर, उपग्रहावरून संदेश पाठवण्याचे यंत्र कोणाजवळ असते आणि जखमी माणसाला बाहेर कसे काढतात, हे चार प्रश्न तुम्ही विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आजवर तशी वेळ आली नाही’ असे मिळाले, तर ते उत्तर नव्हे.

पहिल्या सकाळी घोडा समोर आला की त्याच्यावर चढण्याची घाई करू नये. मी आधी खांद्याचा उंचवटा आणि पाठ पाहते. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर, खोगीर टेकते त्या जागी, पांढऱ्या केसांचे ठिपके किंवा पट्टे असतील, तर ती बहुतेक वेळा जुन्या जखमांची खूण असते. खोगीर घासून कातडीचा रंग देणाऱ्या पेशी मेल्या की तिथे पुढे पांढरेच केस येतात. एखाद्या घोड्यावर असा एक ठिपका असणे समजू शकते, कारण घोडे विकत घेतले जातात आणि त्यांचा भूतकाळही बरोबर येतो. दावणीतल्या प्रत्येक घोड्याच्या पाठीवर ते दिसले, तर इथली खोगिरे घोड्यांना बसत नाहीत हे उघड आहे. नंतर पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची टोके हलक्या दाबाने फिरवावीत. घोडा कंबर खाली चोरतो, कान मागे पाडतो किंवा वळून दात दाखवतो का पाहावे. तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटपट्ट्याच्या जागी, कोपरामागे, केस गेलेले किंवा कातडी सोललेली आहे का पाहावे. एकेक पाय उचलून नाल घट्ट आहे, खिळ्यांची टोके वर आलेली नाहीत, हे बघावे. यात दहा मिनिटे जातात. चांगल्या वाटाड्याला याचा राग येत नाही. उलट पाहुण्याला काहीतरी कळते म्हणून तो सुखावतो, असा माझा अनुभव आहे.

लगाम धरण्याची पद्धतही त्याच वेळी विचारून घ्यावी. तुमच्या वर्गात बहुधा दोन्ही हातांत लगाम धरून घोड्याच्या तोंडाशी हलका संपर्क ठेवायला शिकवले असेल. लांब पल्ल्याच्या पुष्कळ मुलखांत लगाम एकाच हातात, सैल असतो आणि घोडा मानेवर टेकलेल्या लगामाने वळतो. अशा घोड्याचे तोंड सतत ओढून धरले, तर तो डोके झटकतो, आणि स्वाराला वाटते की घोडा खोडकर आहे.

शरीराची तयारी निदान आठ आठवडे आधी सुरू करावी. आठवड्यातून एक तास हा या कामाला अपुरा आहे. शक्य असेल तर सलग दोन-तीन तासांची रपेट, तीही रिंगणाबाहेर, चार-पाच वेळा तरी करावी. चढउतार, पाणी आणि अचानक उडणारे पक्षी यांची सवय तिथेच होते. घोडा मिळत नसेल त्या दिवशी उठाबशा, पोटाचे आणि कमरेचे व्यायाम, आणि भरपूर चालणे. चालणे विशेषतः, कारण उभ्या उतारावर उतरून घोडा हाती धरून चालायचे असते आणि तेव्हाच पाहुण्यांचे गुडघे बोलू लागतात. जमिनीवरून, ओट्याच्या आधाराशिवाय, घोड्यावर चढता येणे आणि तंग स्वतः आवळता येणे, या दोन गोष्टी वर्गात सहसा शिकवत नाहीत. त्या शिकवा असे मुद्दाम सांगून शिकून घ्या.

सामानाविषयी फार लिहीत नाही. शिरस्त्राण मात्र स्वतःचे, मापाचे आणि घोडेस्वारीसाठी प्रमाणित केलेले न्यावे. एकदा जोरात आपटलेले शिरस्त्राण बाहेरून धड दिसले तरी आतून निकामी झालेले असते. बुटाला साधारण अडीच सेंटीमीटरची टाच हवी आणि तळ फार खाचांचा नको. कारण पडल्यावर पाय रिकिबीत अडकून फरफटत जाणे, हा या छंदातला सर्वांत भयंकर अपघात आहे. मांडीच्या आतल्या बाजूला शिवण नसलेली विजार, सायकलस्वार घालतात तशी गादीची अंतर्वस्त्रे आणि कडक पेटीऐवजी मऊ थैली, एवढे पुष्कळ झाले. पाठीवर पिशवी घेऊन स्वारी करू नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण त्याचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात. विम्याच्या कागदात घोडेस्वारी वगळलेली नाही ना आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे.

वाटेवरचे काही नियम किरकोळ वाटतात, पण मी ज्या पडझडी पाहिल्या त्यांतल्या बहुतेक ते मोडल्यामुळेच झाल्या. खोगीर घालताना घोडा पोट फुगवतो, म्हणून निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी उतरून तंग पुन्हा आवळावा. पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याएवढे अंतर ठेवावे. एखादा खाली उतरला असेल, तर तो परत चढून बसेपर्यंत कोणीही पुढे सरकू नये. कळपातला घोडा मागे राहायला तयार नसतो आणि स्वाराचा एक पाय रिकिबीत, एक हवेत असतानाच तो पळ काढतो. पावसाळी अंगरखा घोड्यावर बसून कधीही घालू नये. घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण थेट पाठीमागचा पट्टा त्याच्या नजरेआड असतो. त्या आंधळ्या जागेतून अचानक फडफडणारे काही डोळ्यांच्या टप्प्यात आले की तो आधी पळतो आणि मग पाहतो. दोर किंवा लगाम हाताला गुंडाळून धरू नये, हे मी दर सकाळी सांगते आणि दर सकाळी कोणीतरी गुंडाळलेला असतोच.

नदी ओलांडण्याविषयी थोडे जास्त लिहिते, कारण नवख्यांची भीती तिथे सर्वांत जास्त असते आणि चुकाही. पाण्यात उतरण्याआधी घोड्याला मान खाली घालून पाहू द्यावे, हवे तर पिऊ द्यावे. पाऊल रिकिबीत खोल असेल तर मागे घेऊन फक्त चवडा ठेवावा. लगाम इतका सैल सोडावा की घोड्याला मान पुढे घेऊन तोल सांभाळता येईल, आणि आपला तोल जात असेल तर लगामाऐवजी आयाळ धरावी. नजर पलीकडच्या काठावरच्या एखाद्या झाडावर किंवा दगडावर ठेवावी. वाहत्या पाण्याकडे पाहिले की पाणी स्थिर असून आपणच वरच्या अंगाला सरकतो आहोत असा भास होतो, स्वार नकळत कलतो आणि घोडाही त्या बाजूला ओढला जातो. बर्फ वितळून आलेले पाणी संध्याकाळी चढते, म्हणून असे प्रवाह सकाळी ओलांडतात; दुपारी पोटापर्यंत आलेल्या पाण्यापुढे थांबून दुसऱ्या सकाळची वाट पाहणाऱ्या वाटाड्यावर वैतागू नये.

मुक्कामावर आधी घोडा, मग आपण. शेवटचा अर्धा-एक किलोमीटर पायी चालावे, म्हणजे घोडा निवलेला पोहोचतो. खोगीर उतरवल्यावर घामाने भिजलेल्या पाठीकडे पाहावे : सगळीकडे सारखा ओलावा असेल तर ठीक, भिजलेल्या पाठीत मधेच नाण्याएवढा कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाब इतका होता की घामसुद्धा सुटला नाही. तीच उद्याची जखम. ती वाटाड्याला दाखवावी. खोगिराखालची गादी बदलून किंवा तिला त्या जागी पोकळी करून बहुतेक वेळा ती टळते. घोडा दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पितो, उन्हात आणि कामात त्याहून बरेच जास्त. त्याला दिवसातले १४ ते १६ तास चरायला लागतात, म्हणून रात्री त्याला आखूड बांधून ठेवणाऱ्या मुक्कामाविषयी माझे मत चांगले होत नाही. पुढच्या दोन पायांना पायबंद घालून चरायला सोडणे, लांब दोराला बांधणे किंवा एकदोन म्होरके बांधून बाकीचे मोकळे ठेवणे, या सगळ्या रीती चालतात. पायबंद घातलेला घोडाही उड्या मारत रात्रीत बरेच अंतर कापतो, तेव्हा पहाटे त्याच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज लांबून आला तर घाबरू नये.

घोड्यांचा मुक्काम पाण्यापासून साधारण ६० मीटर लांब असावा आणि दोर थेट झाडाच्या सालीवर न बांधता रुंद पट्ट्यावर बांधावा, कारण एका रात्रीत खुरांनी उकरलेली मुळे आणि सोललेली साल भरून यायला वर्षे लागतात. अमेरिकेतल्या पुष्कळ राखीव वनांत वैरणसुद्धा तणाचे बी नसलेली, तशी प्रमाणित केलेलीच न्यावी लागते. माँटानातल्या बॉब मार्शल अरण्यात राखीव अरण्यांविषयीच्या १९६४च्या कायद्याने मोटारींना बंदी असल्याने आजही सारे सामान घोडे आणि खेचरेच वाहतात. तिथल्या वाटा टिकल्या आहेत त्या या शिस्तीमुळे.

पोटशूळ तेवढा ओळखता यायला हवा. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटातला बिघाड त्याच्या जिवावर बेतू शकतो. चरणे सोडून उभा राहणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, वळूनवळून कुशीकडे पाहणे, पुन्हापुन्हा लोळणे, लीद न टाकणे, यांतले काही दिसले तर रात्र असली तरी वाटाड्याला उठवावे. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती जबड्याच्या खालच्या कडेला बोटाने लागते. पहिल्याच संध्याकाळी, घोडा निवांत असताना, ती शोधून ठेवलेली बरी.

तुमच्यापुरते उत्तर असे : आत्ता थेट आठ दिवसांच्या सफरीला जाऊ नका. आधी तीन दिवसांची, एकाच मुक्कामावरून रोज वेगळ्या वाटेने जाणारी सफर करा आणि तिसऱ्या संध्याकाळी स्वतः खोगीर उतरवून घोड्याची पाठ पाहा. ती सारखी भिजलेली असेल आणि दुसऱ्या सकाळी तुम्ही आधाराशिवाय जमिनीवरून चढू शकलात, तर पुढच्या मोसमासाठी आठ दिवसांचे पैसे भरायला हरकत नाही. वाटाड्याला त्या तीन दिवसांत तुमच्याविषयी काय वाटले ते निघताना विचारून घ्या. तो बहुधा खरे सांगेल, कारण पुढच्या वेळी तुम्ही त्याच्याच घोड्यावर बसणार आहात.